उत्तरायणातली सुरत आणि आमचं हळदीचं नाटक

सुरतला उत्तरायण बघायला जायचंय, काय काय बघू, असं दरवर्षी डिसेंबर संपता संपता कुणीतरी मला विचारतंच. मी पतंग, पोंक, उंधियुं सगळं सांगायला लागते आणि सांगता सांगता माझी गाडी १९९८ च्या जानेवारीवर जाते. कारण मी पहिल्यांदा सुरतला गेले ती पतंग बघायला नव्हे, नाटक करायला. तेव्हा म्हटलं, या वेळी ती सगळी हकिगत एकदाची लिहूनच टाकू. ज्यांना फक्त प्रवासाची माहिती हवी त्यांना तीही यात सापडेल.

तेव्हा मी अमळनेरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. आदल्या वर्षी पेपरात हळदीची बातमी आली होती. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. म्हणजे हा शोध आमचा, आणि आमच्या परवानगीशिवाय अमुक इतकी वर्षं या कामासाठी हळद दुसऱ्या कुणी विकायची नाही, असा सरकारी हक्क. आपल्या शास्त्रज्ञांनी जुने ग्रंथ आणि जुने लेख पुढे ठेवले, यात नवीन काही नाही हे दाखवून दिलं आणि ते पेटंट रद्द झालं. त्या दिवशी मी पेपर घेऊनच वर्गात गेले होते. अभ्यासक्रमातलं काहीच शिकवलं नाही. इतका आनंद मला स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

तो आनंद आमच्या मराठीच्या संजय सरांना लागला. त्यांनी तीन पात्रांचं पथनाट्य लिहिलं, नाव ‘हळद कोनी?’ अहिराणीत ‘कोनी’ म्हणजे कुणाची. सूत्रधार ते स्वतः, हळद कुटणारी माय मी, आणि पेटंट घेऊन येणारा परदेशी साहेब म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला विलास. विलासचा आवाज असा की माइक लागायचाच नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नाटकाने टाळ्या घेतल्या, आणि नेमका त्या दिवशी माझा मावसभाऊ भागवतदादा सुरतहून गावी आलेला होता.

भागवतदादा सुरतेत नवागामला राहायचा, पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर होता. तिथल्या खानदेशी कामगारांच्या मंडळाचा तो सेक्रेटरी. नाटक संपल्यावर त्याने मला बाजूला घेतलं.

“निलू, उत्तरायणला या आमच्याकडे. दरवर्षी मंडळ व्हिडिओ आणतं, तेच ते पिक्चर. यंदा नाटक ठेवतो. आपली माणसं आहेत, आपल्या भाषेतलं नाटक बघतील तर नाचतील.”

माझी आई मात्र ऐकूनच घाबरली. सुरत म्हटलं की तिला तीन-चार वर्षांपूर्वीचा प्लेगच आठवायचा. दादा हसला. “मावशी, आता सुरतेत रस्त्यावर कागद टाकला तरी माणसं वळून बघतात. तू चल, तुलाच दाखवतो.” आई आली नाही, पण तिने मला जाऊ दिलं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी आम्ही तिघं भुसावळ–सुरत पॅसेंजरमध्ये चढलो. ज्यांनी तापी लाइनचा हा प्रवास केलेला नाही त्यांनी एकदा तरी दिवसाच्या गाडीने करावा. तेव्हा एकच रूळ होता, त्यामुळे समोरून गाडी आली की आपली गाडी स्टेशनात बाजूला उभी राहायची, आणि त्या वेळात खाली उतरून चहा, भजी, गप्पा सगळं उरकायचं. दोंडाईचा, नंदुरबार मागे पडलं की डोंगर जवळ येतात. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. विलास प्लॅटफॉर्मवर इकडून तिकडे उड्या मारून आला आणि डब्यात सगळ्यांना सांगत सुटला, “मी आत्ता गुजरातला जाऊन आलो!” पुढे सोनगढ, व्यारा, बारडोली. आणि चलथाण आलं की डोळे मिटलेले असले तरी कळतं, कारण साखर कारखान्याचा तो मळीचा दाट, गोड-आंबट वास खिडकीतून थेट आत शिरतो. जानेवारीत गळीत हंगाम जोरात असतो. उसाने लादलेल्या गाड्या फाटकापाशी रांगेने उभ्या होत्या.

नवागाम, डिंडोली भागात जायचं असेल तर सुरत स्टेशनपर्यंत जाऊ नका, उधनालाच उतरा. आम्हाला घ्यायला दादा आला होता. त्याच्या घराकडे जाताना रिक्षात बोलणं ऐकू येईना, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लूमची खटखट. नवीन माणसाचं डोकं उठतं. दादा म्हणाला, “आम्हाला उलट ती थांबली की झोप मोडते.”

घर एका खोलीचं, वर माळा, पण गच्ची मोठी आणि चाळीची सामाईक. रेखावहिनींनी गरम गरम ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. सुरतेत येऊन पहिलं जेवण खानदेशचंच. वहिनींची धाकटी बहीण कल्पना तिथेच राहायची. ती तिसरीत असताना सुरतेला आलेली, आता विशी ओलांडलेली, आणि एका साडीच्या सेठकडे डिझाईन काढायच्या कामावर होती. मोठ्या कागदावर फुलं-वेली काढायच्या, रंग ठरवायचे, मग त्यावरून छपाईचे स्क्रीन तयार व्हायचे. बोलायची मराठी, पण मधेच गुजराती घुसायची आणि चिडली की हिंदी. तिने पहिल्याच भेटीत विलासला विचारलं, “तुम्ही साहेब का? साहेब एवढा काळा कसा?” विलासने तिला जन्मात माफ करणार नाही असं जाहीर केलं आणि मग दोघांनी मिळून उरलेला ठेचा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने आम्हाला शहर दाखवलं. उत्तरायणच्या आदल्या दिवशीची सुरत म्हणजे काय सांगू! रस्त्याच्या कडेला खांबाखांबांतून दोरा ताणलेला, आणि माणसं हाताला फडकी बांधून त्यावर काचेची गुलाबी खळ चढवतायत. अख्खी गल्ली गुलाबी. पतंगांच्या दुकानात शिरायला जागा नाही. तापीच्या पुलाजवळ पोंकवाले बसलेले. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण इथे तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात आणि सोबत त्याच कोवळ्या ज्वारीचे वडे. सुरतला थंडीत गेलात तर दुसरं काही नाही खाल्लंत तरी चालेल, हे खा. संजय सर मराठवाड्याचे. एक घास तोंडात घालून ते म्हणाले, “आमच्याकडे हुरड्याच्या एका ज्वारीला सुरतीच म्हणतात. लहानपणापासून म्हणतोय आणि आज कळतंय की सुरती का म्हणतात.” मी म्हटलं, सर, खरंच इथूनच गेली असेल का हे कोण सांगणार? इकडून तिकडे गेली असेल किंवा तिकडून इकडे. बियाणं माणसाबरोबर फिरतं, सही करून फिरत नाही. पोंकवाला आमच्याकडे बघत राहिला आणि त्याने आणखी मूठभर पोंक द्रोणात टाकला.

त्या संध्याकाळी पहिला प्रयोग झाला आणि आमचा पार बोऱ्या वाजला.

मंडळाच्या पटांगणात माणसं जमली होती बरीच. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे उभे. सूत्रधार झालेल्या संजय सरांनी बौद्धिक संपदा, स्वामित्व, आंतरराष्ट्रीय करार असं सगळं सुरू केलं. कॉलेजात या शब्दांवर टाळ्या पडल्या होत्या. इथे पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने शेजारणीला मोठ्याने विचारलं, “हाई काय सांगी ऱ्हायना?” शेजारीण म्हणाली, “माले बी समजनं नही.” मागून माणसं एक एक करून सटकायला लागली, कारण घरी फिरक्या भरायच्या राहिल्या होत्या. शेवटी विलास साहेब बनून गरजला, “ही हळद आता माझी!” तर मागून एकाने विचारलं, “मंग हळद महाग व्हयी का?”

नाटकात हा प्रश्न नव्हता. विलासने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “नाही, ते पेटंट अमेरिकेतलं होतं. तिथेच लागू. आणि आता रद्द झालं.”

“मंग आम्हना काय संबंध?” तो माणूस अगदी सरळपणे म्हणाला, टिंगल म्हणून नाही. आणि निघून गेला.

नाटक संपलं तेव्हा पटांगणात बायका-पोरं आणि आम्ही. मंडळाचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. “भागवत, परवा वाशी उत्तरायणला दुसरा खेळ ठेवलाय तो राहू दे. मी व्हिडिओवाल्याला सांगतो. लोकांचा सण आहे, लोक नाराज नको.” मंडळात व्हिडिओ नको, नाटक हवं म्हणून तो कितीजणांशी भांडला होता हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. घरी येताना तो आमच्या पुढे चालत होता आणि सारखं म्हणत होता, “तुमचं काही चुकलं नाही. लोकांचं लक्ष पतंगात होतं.” त्यामुळे मला जास्तच वाईट वाटत होतं.

उत्तरायणची सकाळ. नवागामच्या गच्चीवरून मी जे आकाश बघितलं ते पुन्हा कधी बघितलं नाही, आणि सुरतेला मी नंतर पुष्कळदा गेले आहे. जिथवर नजर जाते तिथवर गच्च्या, आणि गच्चीगच्चीवर माणसं. लूम बंद, त्यामुळे त्या भागात कधी नाही ती शांतता, आणि त्या शांततेवर लाउडस्पीकरची गाणी आणि दर दोन मिनिटांनी कुठून तरी आरोळी, “काप्यो छे!” म्हणजे कापला! आमच्या गच्चीवर खानदेशी, विदर्भातले, एक ओडिया कुटुंब, सगळे होते, पण पतंग कापला की ओरडायचे सगळे गुजरातीतच. वहिनींनी तिळगूळ वाटला, शेजारच्या गुजराती काकींनी पातेलं भरून उंधियुं आणि जिलेबी पाठवली. सुरतेचं उंधियुं हिरवं असतं, पापडी, रताळी, कंद, मेथीचे मुटके. जिलेबीबरोबर खाऊन बघा. हसू नका.

मी मात्र कोपऱ्यात बसून होते. कल्पना पतंग उडवत होती. तिने पेच लावला की समोरच्याचा पतंग गेलाच. पतंग उडवता उडवता ती माझ्याशी बोलायला लागली.

“ताई, एक विचारू? राग नका मानू. त्या अमेरिकावाल्यांनी आपली हळद कॉपी केली. बरोबर? तर एवढा राग कशाला? इथे सगळी सुरत कॉपीवर चालते. मी सोमवारी डिझाईन काढते, पुढच्या सोमवारी ते समोरच्या दुकानात. मीही दुसऱ्यांची बघून काढते. सेठच आणून देतो, म्हणतो, असंच काढ, पण थोडं वेगळं.”

संजय सर म्हणाले, “पण ते चूकच आहे ना?”

“चूक काय त्यात, सर? धंदा आहे. साडीवरची कैरीची नक्षी कोणी शोधली? मी? सेठने?”

गंमत म्हणजे आदल्या दिवसापासून पहिल्यांदा मला मजा वाटायला लागली. कारण प्रश्न खरा होता. मी म्हटलं, “मग तुला कधीच राग आला नाही?”

कल्पनाने ढील दिली. दोरा तिच्या बोटांतून सरसर गेला. “एकदा आला होता,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. वर्षभरापूर्वी तिने एक किनार काढली होती, केळफुलाची. गावी आजोळी केळीचे मळे, त्यामुळे केळफुलाची ती जांभळी पाकळी तिच्या डोळ्यांत बसलेली. पाकळी अर्धी उघडलेली आणि आत बारीक फुलांची रांग. सेठला आवडली, साड्या छापल्या, विकल्या. महिन्याभरात दुसऱ्या एका व्यापाऱ्याने तीच किनार उचलली. इथपर्यंत नेहमीचंच. पण त्या माणसाने ती किनार सरकारदरबारी आपल्या नावावर रजिस्टर केली आणि कल्पनाच्या सेठलाच नोटीस धाडली, की आमचं डिझाईन छापणं बंद करा.

“आणि सेठ?” विलासने विचारलं.

“सेठ म्हणाला, कोर्टात कोण जाणार, जवा दे, सोडून दे, तू नवीन काढ. त्या दिवशी मी रडले, ताई. चोरलं म्हणून नाही. मीच काढलेलं मलाच काढायला बंदी, म्हणून.”

रेखावहिनी जिलेबीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तिची पहिली साडी माझ्याकडे आहे. नोटीस यायच्या कितीतरी आधी, यांच्या पुतणीच्या लग्नात नेसले होते मी ती. सगळ्या चाळीने बघितलीय.”

संजय सर उठून उभेच राहिले. मीही. आम्ही दोघं एकदमच ओरडलो, आणि शेजारच्या गच्चीवाल्यांना वाटलं आम्ही कुणाचा तरी पतंग कापला. कारण हेच तर होतं! अगदी हेच! नक्कल करणं ही एक गोष्ट, आणि नक्कल करून मूळ माणसालाच मनाई करणं ही दुसरी. आणि हळदीचं पेटंट रद्द झालं ते याच मुद्द्यावर, की हे आधीपासून चालत आलंय, सगळ्या चाळीने बघितलंय. आम्ही जे तासभर शब्दांनी सांगत होतो ते या पोरीने एका किनारीत सांगितलं होतं. मला तर नाचावंसं वाटलं.

त्याच गडबडीत विलासने कल्पनाच्या हातातला दोरा धरायला हात घातला आणि त्याचं बोट कापलं. चांगलंच. उत्तरायणला सुरतेत जाणाऱ्यांनो, बोटांना चिकटपट्टी आधीच लावून घ्या आणि स्कूटरवर असाल तर गळ्याला रुमाल बांधा, मांजा थट्टा करत नाही. वहिनी धावत खाली गेल्या आणि डब्यातून चिमूटभर हळद आणून त्याच्या बोटावर दाबली. मी आजूबाजूला बघितलं. कल्पनाचं बोट पिवळं. समोरच्या गच्चीवरच्या माणसाची दोन बोटं पिवळी. ओडिया वहिनींच्या मुलाचा अंगठा पिवळा. सकाळपासून मी ते बघत होते आणि मला दिसलं नव्हतं.

दादा अध्यक्षांकडे गेला. तो काय बोलला माहीत नाही, पण तासाभराने परत आला तो जिन्यात गाणं म्हणत. “उद्या व्हिडिओ अंधार पडल्यावर लागेल. त्याआधी ऊन उतरताना पटांगण आपलं. पण लोक उठले तर लगेच थांबायचं, असं कबूल करून आलोय.”

एकच अडचण होती. संजय सरांनी दुपारभर बसून नाटक नव्याने बांधलं आणि त्यात साडीवाली हवी होती. मी माय होते. कल्पना म्हणाली, “मीच करते की.” वहिनींचा चेहरा उतरला. “अगं, सेठला कळलं तर? त्या दुसऱ्या व्यापाऱ्याची माणसं याच भागात राहतात.” मी म्हटलं, मी दोन्ही भूमिका करीन, काही बिघडत नाही. “नाव कुणाचंच घेणार नाही,” कल्पना म्हणाली. “पण साडी दाखवणार. ती तर माझीच आहे ना?” आणि वहिनींनी ट्रंक उघडली.

वाशी उत्तरायण म्हणजे सणाचा दुसरा दिवस. सुरतेत तो पहिल्याइतकाच जोरात असतो आणि त्या दिवशीही लूम बंद. सकाळी तालीम केली, दुपारी पतंग. ऊन कलल्यावर पटांगणात गेलो तर पहिल्या प्रयोगापेक्षाही कमी माणसं. विलासने मात्र कोटाची बटणं लावली आणि भाषण-बिषण काही न करता तो थेट गर्दीत घुसला.

कल्पना केळफुलाची साडी नेसून बायकांमध्येच बसली होती. विलास तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि हातातला कागद नाचवत गरजला, “ए बाई, ही साडी फेड! ही किनार माझी आहे! हा बघ शिक्का!”

आजूबाजूच्या बायकांना हे नाटक आहे हे क्षणभर कळलंच नाही. परवाची ती म्हातारी आजी काठी घेऊन उठली. “तुन्ही कशी रे? ती पोरनी काढेल शे! मी देखेल शे लगीनमा!” आणि लोक हसायला लागले, गच्च्यांवरची माणसं खाली वाकून बघायला लागली. कल्पना उभी राहिली. ही किनार कुठून आली, केळीच्या मळ्यात ती लहानपणी कशी बसायची, पहिली साडी कुणी नेसली, सगळं तिने सांगितलं. कालच्या संहितेत नसलेलं पुष्कळ सांगितलं. पटांगण भरत गेलं. फिरक्या हातात घेऊनच माणसं उतरली.

मग साहेब माझ्याकडे, मायकडे वळला. “आणि जखमेला हळद लावायची युक्ती? तीही माझी. मी शोधली!”

संजय सरांनी गर्दीकडे वळून एवढंच विचारलं, “दोन दिवसांत कुणाकुणाचं बोट कापलं? आणि त्यावर काय लावलंत? हात वर करा बघू.”

हात वर झाले. किती ते मोजलं नाही. मला आठवतात ती फक्त बोटं, उतरत्या उन्हात वर धरलेली, पिवळी. बायकांची, बाप्यांची, पोरांची. स्वतः विलास साहेब विसरून आपलं पिवळं बोट वर करून उभा, आणि त्यावर असा हशा पिकला की थांबेचना. संजय सर ओरडले, “हळद कोनी?” आणि पटांगण ओरडलं, “आम्हनी!”

पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारा माणूस मला पुन्हा दिसला, पुढेच. त्याच्याकडे बघून मी बोलले. म्हटलं, खरं आहे भाऊ, ते पेटंट अमेरिकेतलं, तुमच्या डब्यातली हळद कुणी नेणार नव्हतं. पण उद्या तुमचा मुलगा तिकडे जाऊन जखमेसाठी हळदीचा लेप विकायला बसला असता, तर त्यालाच कुणी म्हणालं असतं, बंद कर, हे आमचं. कल्पनाला म्हणाले तसं. तो मान हलवून म्हणाला, “आते समजनं.”

नाटकानंतर लोक उठेनात. व्हिडिओवाला ताटकळत उभा. एकाने कापसाचं विचारलं. त्याचा भाऊ शिरपूरकडे कापूस लावायचा. “कापसाचं नवीन बियाणं येणार म्हणतात, बोंडअळी खाईल ती मरेल असं. ते पण कुणाच्या नावावर असेल का? घरचं धरून पेरता येईल?” मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला नक्की माहीत नाही. दुसऱ्या जीवाचा गुण त्यात घातलेला असतो, आधी त्याच्या चाचण्या व्हायला लागतात, दिल्लीतल्या समित्यांनी परवानगी द्यायला लागते, आणि बियाण्याच्या हक्काचा आपल्याकडे अजून कायदाच नाही. “मंग कायदा करताना आम्हाले इचारतीन का?” तो म्हणाला. तेव्हा अंधार पडायला लागला होता आणि आकाशात दोऱ्याला बांधलेले कागदी कंदील एकामागोमाग वर चढत होते. मी त्याला म्हटलं, विचारलं नाही तरी आपण सांगायला जाऊ. त्या क्षणी मला ते अगदी शक्य वाटत होतं. सगळंच शक्य वाटत होतं.

परतीच्या गाडीत आम्ही तिघंही आवाज बसलेले. उधनाला दादा, वहिनी, कल्पना पोचवायला आले होते. अध्यक्षांनी डबा भरून घारी पाठवली होती. ही सुरतची खास मिठाई, माव्याची आणि तुपात घोळलेली. एक खाल्ली की जेवण नको. ती आम्ही नंदुरबारपर्यंत संपवली.

पुढे काय झालं हे सांगायला हवं. व्हायचं तेच झालं, नाटकाची गोष्ट सेठपर्यंत गेली. कल्पनाने दोनेक महिन्यांनी एसटीडीवरून फोन केला. मी घाबरतच विचारलं, नोकरी?

“नोकरी आहे, ताई. सेठ तर खूश आहे. म्हणाला, तू डोळे उघडलेस माझे. आता तो प्रत्येक नवीन डिझाईन आधी रजिस्टर करतो, मग छापतो. आता माझं काही कोणी चोरत नाही.”

“वा! मग छानच की.”

“सेठच्या नावावर रजिस्टर करतो,” ती म्हणाली, आणि हसली. मीही हसले.

तो फोन माझ्या डोक्यातून गेला नाही. आम्ही हळद परत मिळवल्याच्या आनंदात होतो, आणि तो आनंद खोटा नव्हता. पण परत मिळालेली गोष्ट कुणाच्या नावावर जमा होते, ती ज्या हातांतून आली त्यांच्या वाट्याला काय येतं, हा पुढचा प्रश्न आम्ही नाटकात घेतलाच नव्हता. नंतरच्या काही वर्षांत देशात वाणांचे, जैवविविधतेचे कायदे आले. त्यांत शेतकऱ्याचा हक्क, गावाचा वाटा असे शब्द आहेत. ते शिकवताना मी दर वर्षी वर्गाला आधी कल्पनाची गोष्ट सांगते. मुलं सेठवर चिडतात. मी त्यांना म्हणते, चिडा, पण आधी सांगा, कायदा तुम्ही लिहिणार असाल तर कल्पनाचं नाव कुठल्या ओळीत लिहाल? मग वर्गात जे भांडण सुरू होतं ते तास संपला तरी संपत नाही.

फोनचं मी संजय सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच आठवड्यात नाटकाला नवा शेवट लिहिला. साहेब हरून पळून जातो, लोक नाचतात, आणि मागून सेठ हळूच येऊन हळदीच्या पोत्यावर स्वतःचं नाव लिहितो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगाव प्रयोग लावायचे ठरले. मी कल्पनाला कळवलं, मे महिन्यात लूम आणि छपाई मंदावली की ये, तुझी साडीवालीची भूमिका तुझ्यासाठी ठेवलीय.

ती आली. पॅसेंजरमधून उतरताच तिने नवा शेवट वाचायला मागितला आणि प्लॅटफॉर्मवरच बाकावर बसून वाचला. वाचून झाल्यावर म्हणाली, “ताई, साडीवाली तुम्ही करा. सेठ मी करणार. तो कसा उठतो, कसा बसतो, मला सगळं पाठ आहे.”